विश्लेषण : जंताची गोळी घेऊनही मुलांना पुन्हा जंत का होतात?

गोड जास्त खाल्ले की जंत होतात, असे घरोघरी सांगितले जाते. प्रत्यक्षात जंतांचा संबंध साखरेशी नाही, मातीशी आहे. उघड्यावर शौच होते तिथे विष्ठेतून जंतांची अंडी जमिनीत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांची बाधा आहे.

जंतांमुळे रक्त कसे कमी होते?

गोलकृमींची अंडी न धुतलेल्या हातांतून, भाजीतून पोटात जातात. हे जंत मुलाने खाल्लेल्या अन्नात वाटेकरी होतात. अंकुशकृमीची तऱ्हा निराळी. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात, रक्तातून फुप्फुसात आणि घशावाटे आतड्यात पोहोचतात. तिथे चिकटून ते रक्त पितात. अंकुशकृमीच्या एका जातीचा एकच जंत दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. असे पन्नास जंत म्हणजे रोज औषधाचे दोन चमचे. आधीच अर्धपोटी असलेले मूल हे भरून काढणार कुठून?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते ६८.९ टक्के झाले. सगळा दोष जंतांचा नाही. ताटात लोहच कमी, हे मोठे कारण आहे. पण आतड्यातून रक्त जात असेल, तर लोहाच्या औषधाचा फायदाही अपुरा पडतो.

गोळी कधी, किती?

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून १० फेब्रुवारीला पाळला जातो. अनेक राज्यांत ऑगस्टमध्ये दुसरी फेरी होते. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोल मोफत मिळते. १ ते २ वर्षांच्या बाळाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी चुरून; त्यापुढे ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, तीन वर्षांपर्यंत चुरून, नंतर चावून. जंत जास्त असतील तर थोडी मळमळ, पोटदुखी होते आणि थांबते. त्या दिवशी मूल आजारी असेल तर गोळी देत नाहीत; काही दिवसांनी मॉप-अप दिन असतो.

मग जंत परत का?

गोळी आतड्यातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. गोलकृमीची अंडी जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून गोळी वर्षातून दोनदा लागते आणि चप्पल, साबण, शौचालय रोज.

इथेच एक अडचण आहे. फेब्रुवारीची फेरी ऐन ऊसतोडीच्या हंगामात येते. बीडमधली कुटुंबे तेव्हा कारखान्यांच्या परिसरात, फडाजवळच्या कोपीत असतात. मुलाचे नाव गावच्या पटावर आणि मूल फडावर. शौचालय नाही, पायात चप्पल असेलच असे नाही. गोळीची सर्वाधिक गरज असलेले हेच मूल तिला मुकण्याची शक्यता असते. वास्तविक पटावर नाव नसले तरी, शाळाबाह्य मुलांनाही जवळच्या अंगणवाडीत ही गोळी मिळते. आशा सेविकेला विचारले तरी पुरे.