पॉलिसी कोणाची, विवेक कोणाचा?

सबमिशनच्या आदल्या रात्री माणूस काहीही वाचतो. मी मेडिक्लेमची पुस्तिका वाचली. कॉलेजच्या ग्रुप पॉलिसीबरोबर मिळालेली ही पुस्तिका आजवर आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होती. 'कशाचे पैसे मिळणार नाहीत' या यादीत एक ओळ दिसली: कोणत्याही प्रकारचे गर्भनिरोधन आणि नसबंदी. मी रूममेटला ती वाचून दाखवली. तो मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन कॅथलिक. म्हणाला, "अमेरिकेत ह्याच गोष्टीवरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं, माहितीये?" मला माहीत नव्हतं. झालं! सबमिशन राहिलं बाजूला.

भांडण समजायला आधी एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत बऱ्याच लोकांचा आरोग्यविमा नोकरीतून येतो, म्हणजे पॉलिसी मालक घेतो. २०१० च्या आरोग्य कायद्याखालच्या नियमांनी सांगितलं की, अशा विम्यात गर्भनिरोधनाची साधनं कर्मचाऱ्याला वेगळे पैसे न लावता मिळाली पाहिजेत. चर्चना सूट होती. पण हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीचे मालक म्हणाले, "वीसपैकी चार साधनं आमच्या श्रद्धेप्रमाणे गर्भपातासारखी आहेत. त्यांचे पैसे आम्ही देणार नाही." ३० जून २०१४ रोजी कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विरोधी मतात न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी दाखवून दिलं की, कॉपर-टीसारखं साधन बसवायचा खर्च किमान वेतनावर काम करणाऱ्या बाईच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढा आहे. वृद्धाश्रम चालवणाऱ्या जोगिणींची तक्रार त्याहून पुढची होती. 'आम्हाला सूट द्या' हा फॉर्म भरणं हासुद्धा पापात सहभाग, असं त्यांचं म्हणणं. २०२० मध्ये कोर्टाने सरकारला व्यापक सूट देण्याचा अधिकार आहे असं ७ विरुद्ध २ ने ठरवलं.

आपल्याकडे हा खटला का होत नाही? आपण फार पुरोगामी म्हणून? छे! आपल्याकडे पैशाची वाट वेगळी आहे, एवढंच. सरकारने १९५२ पासून कुटुंबनियोजन स्वतःकडे घेतलं. निरोध, गोळ्या, कॉपर-टी सरकारी दवाखान्यात फुकट. माझे वडील अंधेरीच्या एमआयडीसीत कामाला, त्यांचं ईएसआयचं कार्ड आहे. मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, पैसे महामंडळात जातात. नसबंदी केली तर पुरुषाला ७ आणि बाईला १४ दिवस पूर्ण पगाराइतका भत्ता मिळतो. यात मालकाचा धर्म कोणी विचारत नाही, कारण पॉलिसी त्याने निवडलेलीच नसते.

पण मालकाची श्रद्धा आणि नोकराचं मत यांची टक्कर मुंबईने फार पूर्वी पाहिली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. कॉलेज ख्रिस्ती मिशनचं. हे काम कॉलेजला रुचलं नाही आणि १९२५ मध्ये कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. (मॅथ्सच्या सरांनी हे वर्गात सांगायला हरकत नाही!) नुसत्या मिशनऱ्यांना दोष देऊ नका. १९२७ मध्ये त्यांनी काढलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले भरणारे आपलेच सनातनी होते. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केस हरली. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आणला, तोही हरला.

इथे रूममेटने मला अडवलं. "माझी मावशी नर्स आहे. नसबंदीच्या ऑपरेशनला उभं राहणं तिच्या मनाला पटत नाही. तिच्यावर सक्ती करायची का?" मी जरा गप्प झालो. सक्ती काय असते हे महाराष्ट्राला माहीत आहे. १९७६ मध्ये, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. तेव्हा 'माझ्या मनाला पटत नाही' म्हणायचा हक्क हवाच. घटनेच्या कलम २५ मध्ये तो आहेही, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून.

रात्री दोनपर्यंत वाद घालून मला जे उमगलं ते असं. मावशीने स्वतः ऑपरेशनला उभं न राहणं आणि मालकाने हजारो बायकांच्या विम्यातून एक सोय काढून टाकणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. मावशीच्या जागी दुसरी नर्स उभी राहू शकते. विम्यातली सोय गेली तर ती भरून कोण काढणार, हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं असेल तर मालकाची श्रद्धा आणि बाईची गरज, दोन्ही सांभाळता येतात. ठरलं नसेल तर एकाच्या विवेकाची किंमत दुसऱ्याच्या पगारातून जाते.

रूममेटला हे अर्धंच पटलं. "मालकालाही मन असतं रे," म्हणाला आणि झोपला. सबमिशन अर्थातच लेट झालं. पण मित्रांनो, ती पुस्तिका एकदा टेबलाखालून काढून वाचाच. आपल्या शरीराविषयी दुसऱ्याने काय ठरवलंय, ते निदान माहीत तरी असावं.