कापसाच्या गावाचा वाद्यवृंद

पहिल्या हंगामाचा जमाखर्च मांडला तेव्हा चार्ल्स हॅलेच्या हाती अडीच शिलिंग नफा उरला. मैफली झाल्या होत्या ३०, आणि अडीच शिलिंग म्हणजे ३० पेन्स. मैफलीमागे एक पेनी! मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राची ही सुरुवात. ती मुंबईकरांना सांगावीशी वाटते, कारण ही दोन्ही शहरं कापसाने वाढवली.

हॅले मूळचा जर्मन. १८१९ साली हागेनमध्ये जन्मला आणि पॅरिसमध्ये पियानोवादक म्हणून नावारूपाला आला. शोपँ, लिस्झ्ट, बर्लिओझ यांच्यात त्याची ऊठबस असे. १८४८ च्या क्रांतीत त्याच्या शिकवण्या बुडाल्या. तो इंग्लंडला आला आणि हर्मन लिओ या कापड छापणाऱ्या व्यापाऱ्याच्या बोलावण्यावरून मँचेस्टरला स्थिरावला. तिथे जर्मन व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. वडिलांच्या भागीदारीतल्या सूतगिरणीचं काम पाहणारा फ्रीडरिश एंगल्स त्यांतलाच. संगीताची भूक या मंडळींनी मायदेशातून सोबत आणली होती, पण गावातल्या जुन्या मैफली सभासदांपुरत्या असत. गिरणीत राबणाऱ्याला तिथे जागा नव्हती.

१८५७ साली मँचेस्टरमध्ये कलाकृतींचं प्रचंड प्रदर्शन भरलं. साडेपाच महिन्यांत १३ लाख लोक येऊन गेले. तिथे वाजवण्यासाठी हॅलेने मोठा वाद्यवृंद जमवला. सिंफनी म्हणजे काय हे उत्तर इंग्लंडातल्या हजारो माणसांनी पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच. प्रदर्शन उठलं की वादक पांगणार हे दिसत होतं. हॅलेने तो सगळा बारदाना स्वतःच्या जोखमीवर अंगावर घेतला आणि ३० जानेवारी १८५८ रोजी फ्री ट्रेड हॉलमध्ये पहिली मैफल केली. एका शिलिंगात बसता येईल अशा जागा त्याने आग्रहाने ठेवल्या. माझ्या मते त्याच्या कामगिरीचा गाभा या शिलिंगाच्या जागांत आहे. ज्या ठिकाणी हा हॉल उभा राहिला, तिथेच १८१९ मध्ये मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातलं गेलं होतं. पीटरलूचं हत्याकांड म्हणतात ते हेच.

पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस अडला. लँकशायरच्या गिरण्या थंडावल्या, घरोघर उपासमार आली, आणि त्याच टंचाईत इकडे मुंबईच्या कापसाने पैशाचा पूर आणला. १८६५ साली युद्ध संपलं आणि तो पूर ओसरताना अनेक पेढ्या घेऊन गेला. मँचेस्टरच्या मैफली मात्र दरसाल होत राहिल्या. १८९५ मध्ये हॅले वारला तेव्हा वाद्यवृंद पोरका झाला. तीन स्थानिक स्नेही, हेन्री सायमन, गुस्ताव्ह बेहरेन्स आणि जेम्स फोरसाइथ, तोट्याला जामीन राहिले आणि १८९९ मध्ये रीतसर संस्था उभी राहिली. इंग्रज संगीतकार एल्गारची पहिली सिंफनी जगाने प्रथम ऐकली ती १९०८ साली, याच वाद्यवृंदाकडून.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९४३ हे साल. फ्री ट्रेड हॉल दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४० च्या बॉम्बवर्षावात, पडला होता. बरेच वादक बीबीसीच्या वाद्यवृंदातही वाजवत असत. वर्षभराची नोकरी कुठली धरायची असा प्रश्न आला तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी बीबीसी निवडली. न्यूयॉर्कहून नवा संचालक जॉन बार्बिरोली जूनमध्ये येऊन पोचला, तर ७० जणांच्या वाद्यवृंदात ३० जणही शिल्लक नव्हते आणि पहिली मैफल महिन्यावर आली होती. तरुण वादक सैन्यात गेलेले. बार्बिरोली सकाळ-संध्याकाळ चाचण्या घेत बसला. पहिल्या बासरीला शाळकरी मुलगा मिळाला, हॉर्न वाजवायला शाळेतली बाई मिळाली. पितळी वाद्यांचे वादक आसपासच्या बँडांतून आले. १९२० मध्ये तेव्हाचा संचालक हॅमिल्टन हार्टी याने ज्या वाद्यवृंदातून स्त्रियांना वगळलं होतं, तो आता स्त्रियांच्या बळावर उभा राहत होता. ५ जुलैला ब्रॅडफर्डमध्ये मैफल झाली. पुढची काही वर्षं हे वादक चर्चच्या सभागृहात आणि बेल व्ह्यूच्या सर्कशीच्या रिंगणात वाजवत राहिले. हॉल पुन्हा उघडला तो १९५१ मध्ये.

महिनाभरात वादक कसे सापडले? ते आधीपासून तिथेच होते म्हणून. लँकशायर-यॉर्कशायरमध्ये गिरण्यांचे आणि खाणींचे बँड होते, चर्चचे गायकवृंद होते, संगीत शिकवणाऱ्या शाळा होत्या. १८९३ साली हॅलेनेच उभारलेलं संगीत महाविद्यालयही होतं. पन्नास वर्षं मशागत झालेल्या रानात बार्बिरोलीने पेरणी केली.

या वाद्यवृंदात १९५० च्या दशकात एक मुंबईकर व्हायोलिन वाजवत होता. मेहली मेहता, झुबिन मेहतांचे वडील. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. १९५५ च्या सुमारास ते मँचेस्टरला गेले आणि बार्बिरोलीच्या हाताखाली सहायक कॉन्सर्टमास्टर झाले. त्यांच्यासारख्या माणसाला केवळ वादनावर वर्षभर पोट भरता येईल असा वाद्यवृंद मुंबईत नव्हता.

वादकांची वाण मात्र मुंबईला कधीच नव्हती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली मुलं इथे येत, हॉटेलांत, बँडांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवत. गोव्यातल्या मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक बसवले. रागदारीवर रचलेलं सिंफनी संगीत, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे! त्याच वर्षी मँचेस्टरचा वाद्यवृंद शंभरीचा झाला. गोन्साल्विसांचा प्रयोग मात्र काही कार्यक्रमांपुढे गेला नाही. स्टुडिओने आपल्या वादकांना रोजगार दिला, पण स्वतःचं घर दिलं नाही. २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, ही मोठीच गोष्ट झाली. त्यातले कितीतरी वादक मात्र अजून परदेशातून येतात. म्हणूनच २०१२ पासून तिथे मुलांना शिकवण्याचं जे काम चालू आहे, ते मला मैफलींइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मँचेस्टरमध्ये अँकोट्स नावाचा भाग आहे. आपल्या परळ-लालबागसारखं ते त्यांचं गिरणगाव. गिरण्या गेल्या, वस्ती उठली, तिथलं सेंट पीटर्स हे जुनं चर्च ओस पडलं. २०१३ पासून हॅलेच्या तालमी त्या चर्चमध्ये होतात. त्यांची युवा मंडळी आणि गायकवृंदही तिथे जमतात.

आपल्या गिरणगावात भजनी मंडळं होती, नमन-खेळे होते, कामगार रंगभूमी होती. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. तालमीची एक खोली ठेवावी असं कुणाला सुचलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. अजून काही गिरण्यांच्या भिंती उभ्या आहेत. त्यांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या महापालिकेने आणि सरकारने त्यांतलं एक दालन वाजवणाऱ्या मुलांसाठी राखावं. ढोलताशाची पथकं, ब्रास बँड, चर्चमधले व्हायोलिनवादक, सगळ्यांना तिथे भाड्याशिवाय बसू द्यावं. आणि वाचकहो, सिंफनी ऑर्केस्ट्राचा पुढचा हंगाम लागेल तेव्हा घरातल्या एका मुलाला सोबत घेऊन नरिमन पॉइंटला जा.