शाईच्या बोटापलीकडचा इराक

परकीय सैन्याच्या पहाऱ्यात झालेली निवडणूक खरी की देखाव्याची, याचे उत्तर बहुधा मतदानाच्या टक्केवारीत शोधले जाते. हा निकष किती अपुरा आहे, हे इराकमधील ३० जानेवारी २००५च्या निवडणुकीने दाखवून दिले.

त्या वेळी सुमारे दीड लाख अमेरिकी सैनिक इराकमध्ये तैनात होते. सीमा बंद होत्या, वाहनांना मनाई होती. तरीही, आत्मघाती हल्ल्यांना न जुमानता लाखो मतदार पायी केंद्रांवर पोहोचले. जांभळ्या शाईचे बोट उंचावणाऱ्या स्त्री-पुरुषांची छायाचित्रे जगभर झळकली. निवडणूक आयोगाने मतदानाच्या दिवशीच ७२ टक्क्यांचा अंदाज जाहीर केला. काही तासांतच तो साठापर्यंत खाली आला आणि अंतिम आकडा सुमारे ५८ टक्के निघाला. मथळे मात्र तोवर छापून झाले होते.

ती छायाचित्रे खोटी नव्हती. मतदारांचे धैर्यही खरे होते. परंतु कॅमेरा जिथे पोहोचला नाही, तिथली कहाणी वेगळी होती. सुन्नीबहुल अनबार प्रांतात जेमतेम २ टक्के मतदान झाले. याच प्रांतातील फालुजा शहरावर नोव्हेंबर २००४मध्ये अमेरिकी फौजांनी मोठी चढाई केली होती. बहिष्काराचे आवाहन आणि बंडखोरांची दहशत यांची त्यात भर पडली. 'अल-जझीरा'चे बगदाद कार्यालय हंगामी सरकारने ऑगस्ट २००४मध्येच बंद केले होते. अनेक उमेदवारांची नावेही जिवाच्या भीतीने गुप्त ठेवली गेली होती.

नियम कोणाचे?

निवडणुकीचा कायदा अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी जून २००४मध्ये जारी केला होता. त्यानुसार संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ ठरला. परिणामी जिथे मतदान कमी, तिथले प्रतिनिधित्वही आपोआप घटले. २७५ सदस्यांच्या सभागृहात शिया आघाडीला १४०, तर कुर्द आघाडीला ७५ जागा मिळाल्या. सुन्नी अरब जवळपास बाहेरच राहिले.

मात्र ही निवडणूक म्हणजे निव्वळ अमेरिकेची देणगी, हेही खरे नव्हे. अमेरिकेची मूळ योजना प्रांतोप्रांतीच्या निवडक मेळाव्यांतून सभागृह नेमण्याची होती. ज्येष्ठ शिया धर्मगुरू अली सिस्तानी यांनी थेट मतदानाचा आग्रह धरला. त्यांच्या पाठिंब्यासाठी जानेवारी २००४मध्ये प्रचंड मोर्चे निघाले आणि ती योजना बारगळली.

इतिहासातही दोन्ही बाजूंचे दाखले सापडतात. दक्षिण व्हिएतनाममध्ये सप्टेंबर १९६७मध्ये ८३ टक्के मतदान झाल्याचे अमेरिकी वृत्तपत्रांनी उत्साहाने छापले. सुमारे ३५ टक्के मते मिळवून न्युएन वान थियू अध्यक्ष झाले. युद्ध थांबले नाही. याउलट, अमेरिकी ताब्यातील जपानमध्ये एप्रिल १९४६मध्ये महिलांनी प्रथमच मतदान केले आणि ३९ महिला निवडून आल्या. तरीही सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते इचिरो हातोयामा पंतप्रधान होणार, तोच ताबा प्रशासनाने त्यांना सार्वजनिक पदांसाठी अपात्र ठरवले. लोकशाही रुजली, पण अखेरचा शब्द परक्यांचाच होता.

इराकमध्ये जानेवारीच्या बहिष्काराची किंमत ऑक्टोबर २००५मध्ये दिसली. नव्या राज्यघटनेवरील सार्वमतात अनबारमध्ये सुमारे ९७ टक्के मते विरोधात पडली, तरी घटना मंजूर झाली. फेब्रुवारी २००६मध्ये समारा येथील शिया पवित्रस्थळात स्फोट झाला आणि देश पंथीय हिंसाचारात होरपळला. त्या हिंसेमागे इतरही कारणे होती. पण एक मोठा समाज सत्तेच्या वाटणीबाहेर राहिल्याची खूण मतदानाच्या प्रांतवार आकड्यांत आधीच उमटली होती.

सप्टेंबर २०२३मध्ये रशियाने युक्रेनच्या व्याप्त भागांत निवडणुका घेतल्या, तेव्हाही मोठ्या मतदानाचे दावे झाले. अशा प्रत्येक बातमीत रांगेच्या लांबीआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात: नियम कोणी केले, मतदानापासून दूर कोण राहिले आणि वार्ताहरांना कुठवर जाता आले.