उतारावरचे गवत आणि बसून चालवायचे यंत्र

वर्ध्यात टेकड्यांवर वसलेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या आवारासारख्या विस्तीर्ण, चढउताराच्या जागेसाठी बसून चालवायचे गवतकापणी यंत्र निवडताना अश्वशक्तीआधी गिअरपेटी, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवणारा भाग, तपासणे अगत्याचे ठरते. कारण तेलाच्या दाबावर चालणारी हलकी पेटी सततच्या चढावर तापते आणि तिची ओढ कमी होते. पात्यांवरचे कवच, ज्याला डेक म्हणतात, जाड पोलादी पत्र्याचेच हवे, कारण कुसळी गवतात दडलेला काळा दगड उडाला की पातळ पत्रा चेपतो. साधारण १५ अंशांपर्यंतच्या उतारावर यंत्र आडवे नव्हे, तर सरळ वरखाली चालवावे. ओल्या, निसरड्या काळ्या मातीत ते नेऊच नये. १५ अंशांहून तीव्र उताराला विळाच बरा.