तळ्यातील कुमुदिनी कशी ओळखावी?



गेल्या वर्षी उमरेड तालुक्यातील एका गावात आपण तळे स्वच्छ करण्यासाठी श्रमदान घेतले. जलपर्णी काढता काढता पाण्यावरचे जे दिसेल ते ओढून आम्ही पाळीवर टाकले. दुपारी एक ढिवर आजी आल्या आणि म्हणाल्या, “घाण काढली ते बरं केलं बापा, पण मासोळीचं घर काऊन काढलं?” त्या ढिगात कुमुदिनी होती. चूक माझीच, मला ती ओळखता आली नव्हती. पुन्हा असे होऊ नये म्हणून या खुणा लिहीत आहे.

कुमुदिनी : पान गोलसर, पाण्यावर सपाट तरंगणारे, देठाशी खाच असलेले. फूल पांढरे, मध्यभागी पिवळे, रुपयाच्या नाण्याएवढे. पाकळ्यांवर बारीक केसांची झालर असते, हीच पक्की खूण. फुले पानाच्या अगदी खालून झुपक्याने येतात आणि प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. मुळे चिखलात रुजलेली असतात.

कमळ : पाने पाण्याच्या वर उभी राहतात, त्यांना खाच नसते. फूल मोठे.

कुमुद : पान तरंगते व त्याला खाच असते, पण फूल मोठे, पाकळ्या पुष्कळ आणि झालर नाही.

जलपर्णी : देठ स्पंजासारखा फुगीर, फूल जांभळट, मुळे पाण्यात लोंबती. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली. काठावरची बेशरमही बाहेरचीच. तिची फुले गुलाबी, कर्ण्यासारखी. काढायच्या त्या या दोन.

कुमुदिनीला संथ, उथळ पाणी व गाळाची जमीन लागते. पूर्व विदर्भातील जुन्या तलावांत व बोड्यांत ती मिळते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने असे कितीतरी तलाव बांधले; पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाचा देखभालीतला हात सुटत गेला. अशा वनस्पतींच्या आडोशाला मरळीसारखे मासे घर करतात, पिल्ले लपतात. त्या गेल्या की ढिवरांचे जाळे रिकामे येते.

आजींच्या सांगण्यावरून त्याच संध्याकाळी आम्ही ओले वेल पुन्हा चिखलात खोवले. काही रुजले. यंदा पावसाळा सरताना तिथे फुले दिसली. आता श्रमदानाआधी गावातल्या जाणत्यांबरोबर काठाने एक फेरी मारायची आणि मगच पाण्यात उतरायचे, असे आम्ही ठरवले आहे. मदतीला येणाऱ्या तरुण संघांनीही एवढे पाळावे, ही विनंती.