मनुष्याचा खांदा : त्याची रचना व त्याची निगा

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाची खांदेमळणी करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं आहे. वर्षभर ज्यानें जूं वाहिलें त्याचा खांदा ऊन पाण्यानें शेकावा, त्यास हळद व तूप किंवा तेल चोळावें, हा त्या चालीचा हेतु स्पष्ट आहे व तो स्तुत्यही आहे. परंतु ज्या खांद्याच्या बळावर बैलाचा धनी पेरतो, खुरपतो, कापणी करितो व पोतीं उचलतो, त्या खांद्याची विचारपूस तो दुखूं लागल्यावांचून कोणी करीत नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद असते. ती जमीन कसणाऱ्या हाताची नोंद कोठेंच नसते. सबब ह्या अंकीं मनुष्याच्या खांद्याची रचना, त्याची हालचाल व त्यास होणारे अपाय ह्यांविषयीं चार शब्द आमच्या शेतकरी बंधूंस सांगण्याचें योजिलें आहे.

तीन हाडें

खांदा म्हणून ज्यास आपण एकच अवयव समजतों तो वस्तुतः तीन हाडांचा मेळ आहे. पाठीवर, बरगड्यांच्या वरच्या भागीं, जें चपटें त्रिकोणी हाड हातास लागतें तें खवाट्याचें हाड. वैद्यकांत त्यास अंसफलक म्हणतात. गळ्याखालीं, छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोंकापर्यंत आडवी गेलेली व किंचित् वांकडी अशी ती हांसळी. आणि कोपरापासून वर येणारें तें दंडाचें हाड. ह्या तिसऱ्या हाडाचें वरचें टोंक अर्ध्या चेंडूसारखें गोल आहे. खवाट्याच्या बाहेरच्या कोंपऱ्यांत एक उथळ खळगी आहे, तिच्यांत हा गोळा टेंकतो. खांद्याचा मुख्य सांधा तो हाच.

खवाट्याचें हाड बरगड्यांस कोठेंही हाडानें जोडलेलें नाहीं. तें स्नायूंच्या थरावर सरकत असतें. हांसळी व छातीचें हाड ह्यांचा जो लहानसा सांधा गळ्याच्या खांचेशेजारीं आहे, तेवढ्या एकाच ठिकाणीं सबंध हात धडाच्या हाडांशीं जोडलेला आहे. बाकी सर्व भार स्नायूंवर आहे.

बैलाचा खांदा व मनुष्याचा खांदा

बैलास हांसळी नसते. घोडा, गाय, म्हैस ह्यांसही ती नाहीं. ह्या जनावरांचे पुढचे पाय धडाशीं केवळ स्नायूंनीं जोडलेले असतात, व त्या दोन पायांमध्यें धड झोळींत ठेवल्याप्रमाणें तोललेलें असतें. ह्या योजनेमुळें चालतां-धांवतांना जमिनीचा हिसका स्नायूंत जिरतो, व पाय पुढें-मागें मोठ्या जोरानें जातो. परंतु तो पाय बाजूस पसरून डोक्यावर नेणें बैलास शक्य नाहीं. मनुष्यास व वानरास हांसळी आहे. ती टेंकूप्रमाणें खांद्यास छातीपासून दूर धरून ठेविते, म्हणून आपला हात पुढें, मागें, बाजूस, वर व आंत-बाहेर असा सर्व दिशांस फिरतो.

येथें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जूं बैलाच्या खऱ्या खांद्याच्या सांध्यावर नसतेंच. तें वशिंडाच्या पुढें मानेवर असतें. आपण त्या जागेस खांदा म्हणतों इतकेंच.

बशीवरील लिंबू

कमरेखालचा मांडीचा सांधा उखळांत मुसळ बसावें तसा खोल बसलेला आहे. खांद्याचा सांधा जातीनें तसाच, उखळीचाच, आहे. परंतु त्याची उखळी इतकी उथळ कीं, बशीवर लिंबू ठेवावें तशी त्याची स्थिति आहे. दंडाच्या गोळ्याचा सुमारें एकतृतीयांश किंवा त्याहूनही थोडा भाग एका वेळीं खळगीस टेंकलेला असतो. खळगीच्या कांठास चिवट कूर्चेची कड आहे, तिनें खळगी थोडी खोल होते. सांध्याभोंवतीं एक पिशवी आहे, परंतु तीही सैल आहे. कारण ती ताठ असती तर हात इतका फिरलाच नसता.

मग हा गोळा जाग्यावर राहतो कशानें? खवाट्यापासून निघणारे चार लहान स्नायु आहेत. त्यांच्या कंडरा गोळ्यास पुढून, वरून व मागून मुठींत धरल्याप्रमाणें आवळून बसलेल्या आहेत. दंडावर वरून जो जाड त्रिकोणी स्नायु दिसतो तो हात उचलतो खरा. परंतु तो एकटाच ओढूं लागला तर गोळा खळगींत फिरण्याऐवजीं वर सरकून खांद्याच्या छपरास, म्हणजे खवाट्याच्या पुढें आलेल्या टोंकास, घांसेल. आडवी पडलेली शिडी उभी करितांना एकजण दुसरें टोंक उचलतो, व एकजण तिचा पाय दाबून धरितो. पाय धरणारा नसेल तर शिडी उभी न राहतां घसरते. हे चार स्नायु म्हणजे शिडीचा पाय धरणारे गडी होत. ते थकले किंवा फाटले म्हणजे मोठा स्नायु शाबूत असूनही हात वर जात नाहीं.

हात वर कसा जातो

हात मांडीलगतच्या जागेपासून बाजूनें थेट डोक्यावर गेला म्हणजे तो १८० अंश फिरला. हें सर्व फिरणें एका सांध्यांत होतें अशी सामान्य समजूत आहे, पण ती बरोबर नाहीं. १९४४ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील इनमन, सॉन्डर्स व अॅबट ह्या तिघांनीं खांद्याच्या हालचालीचें मोजमाप प्रसिद्ध केलें. त्यावरून असें ठरलें कीं, १८० पैकीं सुमारें १२० अंश मुख्य सांध्यांत व सुमारें ६० अंश खवाटा बरगड्यांवर फिरल्यानें मिळतात. म्हणजे प्रमाण दोनास एक असें पडतें. वाचकांनीं घरच्या एखाद्या मनुष्याच्या खवाट्यावर आपला हात ठेवावा व त्यास हात वर करावयास सांगावें. प्रथम खवाटा फारसा हालत नाहीं. पुढें त्याचें खालचें टोंक बाहेर सरकत असल्याचें स्पष्ट कळतें.

दुसरा प्रयोग असा. तळवा जमिनीकडे ठेवून व दंड आंत वळवून हात बाजूनें उचलावा. खांद्याच्या पातळीच्या सुमारास तो अडखळतो. तेथें तळवा आकाशाकडे केला कीं हात सहज वर जातो. कारण गोळ्याशेजारीं हाडास जो उंचवटा आहे तो दंड बाहेर वळविल्यानें छपराखालून मागें सरतो. छप्पर व उंचवटा ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत वंगणाची एक लहान थैली व चार स्नायूंपैकीं वरच्याची कंडरा असते. हात उंच धरून फार वेळ काम केल्यास ती कंडरा तेथें चेंगरते व झिजते. हात उचलतांना मधल्या टप्प्यांतच, म्हणजे सुमारें ६० पासून १२० अंशांपर्यंत, कळ येते व पुढें कमी होते, तेव्हां बहुधा हेंच कारण असतें.

वजनाचा हिशेब

आतां थोडें गणित करूं. साठ किलो वजनाच्या मनुष्याचा एक हात सुमारें तीन किलोंचा असतो. हात बाजूस आडवा ताठ धरला असतां त्याचा तोल खांद्यापासून सुमारें ३० सेंटिमीटरांवर पडतो. हातांत पांच किलोंची बादली असून ती ६० सेंटिमीटरांवर आहे असें धरूं. हात उचलणारा स्नायु मात्र सांध्यापासून अवघ्या तीन सेंटिमीटरांच्या तरफेवर ओढतो. तेव्हां ५ × ६० म्हणजे ३००, व ३ × ३० म्हणजे ९०, मिळून ३९०. त्यास तिहींनीं भागिलें असतां १३० येतात. म्हणजे पांच किलो उचलण्यास स्नायूस सुमारें १३० किलोंचा ताण द्यावा लागतो. तीच बादली कोपर वांकवून ३० सेंटिमीटरांवर आणिली, व त्यामुळें हाताचा तोल २० सेंटिमीटरांवर आला, तर १५० व ६० मिळून २१०. ताण ७० किलोंवर येतो. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु वजन अंगाशीं धरावें ह्या वडिलांच्या सांगण्याचें मर्म त्यांत आहे.

सांधा निखळणें

ज्या उथळपणामुळें हात सर्वत्र फिरतो, त्याच उथळपणामुळें मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वांत जास्त वेळां निखळतो, व शंभरांत नव्वदाहून अधिक वेळां गोळा पुढच्या बाजूस उतरतो. गाडीवरून, झाडावरून किंवा बांधावरून हात पसरून पडल्यास असें होतें. खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसूं लागतो, हात अंगाशीं मिटत नाहीं, व त्या हातानें दुसरा खांदा धरतां येत नाहीं.

हा अपाय आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत काखेंत मुसळ देऊन सांधा उचलावा व बसल्यावर स्वस्तिकबंध बांधावा अशी रीत सांगितलेली आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस ह्याच्या नांवावरील ग्रंथांत काखेंत टांच देऊन हात ओढण्याची रीत आहे. परंतु त्या काळीं क्ष-किरण नव्हते. त्यांचा शोध राँटजेन ह्यांनीं १८९५ सालीं लाविला. निखळलेल्या सांध्याबरोबर हाड मोडलें आहे कीं नाहीं, हें आज चित्र काढून आधीं पाहतां येतें. तें न पाहतां हिसका दिल्यास मोडलेलें हाड सरकतें, व काखेंतून जाणारे मज्जातंतू व रक्तवाहिन्या दुखावतात. म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, गांवांतील हाडवैद्य कितीही अनुभवी असला तरी त्याच्याकडून हात ओढवून घेऊं नये. उपरण्याची झोळी करून हात गळ्यांत अडकवावा, व त्याच दिवशीं, शक्य तितक्या लवकर, रुग्णालय गांठावें. दंडाच्या बाहेरील बाजूस बधिरता असेल किंवा मनगटाची नाडी लागत नसेल तर तें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. दिवस लोटले म्हणजे सांधा बसविणें कठीण होतें. तरुणपणीं एकदां निखळलेला सांधा पुनः निखळण्याचा संभव मोठा असतो, म्हणून बसविल्यावर सांगितलेला व्यायाम अर्धवट सोडूं नये.

खांदा आखडणें

दुसरें दुखणें पडल्यावांचूनच येतें. प्रथम रात्रीं खांदा ठणकतो, त्या कुशीवर निजवत नाहीं. पुढें सांध्याची पिशवी आखडून हात चहूंकडून बंद होतो. अंगरखा घालणें, पाठीमागें हात नेणें, स्त्रियांस वेणी घालणें जड जातें. आयुर्वेदांत अवबाहुक म्हणून जो विकार सांगितला आहे त्याचीं लक्षणें ह्याशीं बरींच जुळतात. बोस्टनचे शस्त्रवैद्य कॉडमन ह्यांनीं १९३४ सालीं ह्यास ‘गोठलेला खांदा’ असें नांव दिलें. बहुधा चाळीस ते साठ ह्या वयांत, पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक, व मधुमेह्यांत विशेषेंकरून हा विकार आढळतो. हा केवळ कष्टकऱ्याचा रोग नव्हे. लेखणीहून जड कांहीं न उचलणाऱ्या कारकुनासही तो सोडीत नाहीं, हें आम्ही पाहिलें आहे. ज्याचा खांदा विनाकारण आखडला त्यानें रक्तांतील साखर तपासून घ्यावी. हें दुखणें बहुतेकांस एक ते तीन वर्षांत पुष्कळ उतरतें, परंतु तोंवर हात झोळींत बांधून ठेवणें किंवा दुसऱ्याकडून जबरीनें मुरगाळून घेणें हीं दोन्ही वाईट. कमरेंत वांकून हात लंबकासारखा लोंबता सोडावा व हलके फेरे द्यावे; भिंतीवर बोटांनीं चढत जावें. कळ सोसवेल इतकेंच करावें, पण रोज करावें.

साठीच्या पुढें वर सांगितलेल्या कंडरा झिजून फाटतात. पडल्यानंतर किंवा जड ओझें उचलल्यानंतर हात एकाएकीं वर जाईनासा झाला तर तेल चोळीत महिने घालवूं नयेत; अशी ताजी फाट लवकर कळली तरच शिवण्याचा विचार होऊं शकतो. आणि एक सावधगिरी सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छातींत दाब, घाम व धाप असेल तर तें दुखणें खांद्याचें नसून हृदयाचें असण्याचा संभव आहे. तेथें एक घटकाही दवडूं नये.

निगा

फवारणीचा पाठीवरील पंप १६ लिटरांचा असल्यास नुसतें पाणीच १६ किलो होतें. दोन्ही पट्टे सारखे आवळावे, पट्ट्यांखालीं जाड घडी घालावी, व शक्य तेथें पंप अर्धाच भरावा. दांडा सारखा एकाच हातानें मारूं नये. विजेच्या घटावर चालणारा पंप परवडत असेल तर तो खर्च व्यर्थ नव्हे. ओझ्याविषयीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं प्रौढ पुरुषास ५५ किलोंची मर्यादा असावी अशी शिफारस केली आहे, व स्त्रियांस त्याहून पुष्कळच कमी असावी असें सुचविलें आहे. आपल्याकडे युरियाची गोणी २०१८ सालापासून ५० ऐवजीं ४५ किलोंची झाली. परंतु धान्याचें पोतें भरणें आपल्याच हातीं असतें. तें ठांसून न भरतां दोघांनीं उचलावें असें भरावें. हा नियम घरच्या माणसांइतकाच मजुरासही लागू समजावा. त्याचा खांदा गेला तर त्याच्याजवळ दुसरी जिंदगी नसते.

पेरणीपूर्वीं आपण तिफणीचे फण पाहतों, विळ्यास धार लावितों. त्याच वेळीं घरांतील प्रत्येकानें दोन परीक्षा कराव्या : दोन्ही हात सरळ डोक्यावर नेऊन कानांस लावावे, व एकेक हात पाठीमागें नेऊन आंगठा कोठवर पोहोंचतो तें पाहावें. दोन्ही बाजूंत ठळक फरक आढळला तर हंगाम येण्याआधींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऐन कापणींत अडलेल्या हातापेक्षां आधीं दाखविलेला हात स्वस्त पडतो.