नाव, घर आणि टपाल

मध्यप्रदेशाच्या दक्षिण सीमेवर जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा आणि दुसऱ्या काठी सावरगाव वसले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे सावरगावचे नाव दूरवर पोहोचले. परंतु याच नावाचे दुसरे गाव शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, नरखेड तालुक्यात आहे. उर्वरित महाराष्ट्रात तर कितीतरी सावरगावे सापडतील. नुसते 'सावरगाव' लिहिलेले पत्र मग कोठे जावे? अशा घोटाळ्यांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते, हे साहित्योपासकांनी अवश्य ध्यानी ठेवावे. नागपूरकडील पिन ४४ ने, तर पांढुर्णा-सौंसरकडील ४८ ने आरंभ पावतो.

संगणकांच्या जगातही नाव आणि अंक यांचा असाच संबंध आहे. यंत्रे परस्परांना अंकांनी ओळखतात. माणसाच्या स्मरणात नावे राहतात. प्रारंभी सर्व नावांची एकच यादी असे. ती आवरेनाशी झाली तेव्हा, १९८३ मध्ये, पॉल मोकापेट्रिस यांनी नामपद्धतीची रचना केली. तीच आज 'डीएनएस' म्हणून ओळखली जाते. तीत एकच थोरली वही नाही. प्रत्येकाची वही वेगळी. 'वाचनालय.भारत' असे नाव कल्पिले, तर शोध उजवीकडून सुरू होतो. मूळ वही '.भारत'ची वही दाखविते, आणि ती 'वाचनालया'ची. हे देवनागरी '.भारत' २०१४ पासून मराठीलाही खुले आहे.

आता समजा, सावरगावातील एखाद्या वाचनालयाने असे नाव घेतले. त्याच्या वहीत निरनिराळ्या नोंदी असतील. 'ए' ही नोंद संकेतस्थळ ज्या यंत्रावर नांदते त्याचा अंकरूप पत्ता सांगते. 'एमएक्स' ही नोंद टपाल कोणी स्वीकारावे ते सांगते. अशा अनेक नोंदी असल्यास लहान अंकाची नोंद प्रथम पाहिली जाते. 'टीएक्सटी' नोंदीत आपल्या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार कोणास आहे, हे लिहून ठेविता येते. ती नसेल तर आपली पत्रे संशयित ठरण्याचा संभव असतो. 'एनएस' नोंद मात्र या सर्वांहून निराळी: ती ही वहीच कोणाकडे आहे ते सांगते.

अनर्थ बहुधा येथेच घडतो. संकेतस्थळ नव्या ठिकाणी न्यावयाचे असता केवळ 'ए' नोंद बदलली की पुरते. परंतु पुष्कळदा 'एनएस' बदलून सगळी वहीच नव्या घरी नेली जाते, आणि जुन्या वहीतील 'एमएक्स' उतरवून घेण्याचे राहून जाते. संकेतस्थळ झळकते, सर्वांना समाधान वाटते. इकडे टपाल मात्र येईनासे होते. वर्गणीदारांची पत्रे, लेखकांची हस्तलिखिते पोहोचत नाहीत, आणि न आलेल्या पत्राची वार्ता कोण सांगणार?

म्हणून आमचे सांगणे असे : बदलापूर्वी वहीतील प्रत्येक नोंद उतरवून घ्यावी. प्रत्येक नोंदीस 'टीटीएल' ही सेकंदांतील मुदत असते. तोवर इतर यंत्रे जुनीच माहिती खरी मानतात. ती ८६,४०० म्हणजे एक दिवस असेल, तर किमान एक दिवस आधी ३०० वर आणावी. बदल झाल्यावरही जुने घर काही दिवस उघडे ठेवावे, आणि बाहेरून एक पत्र पाठवून ते पोहोचते की नाही हे पाहावे.

याहून महत्त्वाची गोष्ट ही, की नावाची नोंदणी संस्थेच्याच नावे असावी आणि वहीची किल्ली कार्यवाहांच्या दप्तरात असावी. संकेतस्थळ रचून देणारा उत्साही तरुण उद्या परगावी जाईल. मुदत संपताना येणारी सूचना त्याच्याच पत्त्यावर जात असेल, तर नाव हातचे जाते आणि ते दुसरा कोणीही घेऊ शकतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा छिंदवाड्याहून वेगळा जिल्हा झाला. दप्तरे पालटली, सावरगाव हे नाव राहिले. सीमेवरील मराठी संस्थांनी आपली नावेही अशीच राखावीत. घर भाड्याचे असले तरी चालेल. नाव आपले असावे.